एलियाहूसाठी ठेवलेली खुर्ची

खरं सांगायचं तर विश्वजित हे लिहिणारच नव्हता. एक तर घडलं काय, तर तो एका खुर्चीवर बसला आणि उठला. दुसरं म्हणजे त्यात त्याचीच शोभा झाली होती, आणि स्वतःची शोभा स्वतःच टाइप करत बसायची म्हणजे जरा अतीच. पण जेवणाच्या सुट्टीत ऑफिस रिकामं झालं आणि समोर कॉम्प्युटरचा पांढरा पडदा दिसला की त्याची बोटं चालायला लागायची. दहा-बारा ओळी धाडधाड पडायच्या, मग कोणीतरी मागून यायचं, तो फाइल बंद करायचा आणि ठरवायचा की आता बास, उद्या पुसून टाकू. पुसली मात्र नाही. त्या खुर्चीवर तो फार तर अर्धं मिनिट बसला असेल, पण त्या अर्ध्या मिनिटातून आपण अजून पुरते उठलेलो नाही असं त्याला वाटत राहिलं, म्हणून हे.

गुरुवार होता. एकोणीसशे नव्याण्णवचा डिसेंबर. आर. के. पुरमहून गुडगावला सकाळी स्कूटरने यायचं म्हणजे महिपालपूरच्या पुढे धुक्यात पुढचा ट्रक नुसत्या आवाजावरून ओळखायचा, आणि नथूच्या सोसायटीच्या गेटाशी पोहोचेपर्यंत विश्वजितच्या गुडघ्यांचा बर्फ झाला होता. नथू म्हणजे नथानेल झिराडकर, त्याच्याच ऑफिसातला, शेजारच्या टेबलावरचा, आणि मराठीत शिव्या देता याव्यात असा दिल्लीतला त्याचा एकुलता एक मित्र. नथू बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. त्याला मुलगा झाला होता, आज आठवा दिवस, आणि त्यांच्यात आठव्या दिवशी सुंता करतात. त्यासाठी मुंबईहून मोहेलसाहेब आले होते, सुंता करणारे गृहस्थ, राजधानी एक्सप्रेसच्या प्रवासानं डोळे सुजलेले. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या नव्याकोऱ्या फ्लॅटमध्ये, जिथे भिंतींना अजून रंगाचा वास होता, पंधरा-वीस माणसं दाटीवाटीनं बसली होती. दारातच कोणीतरी विश्वजितच्या डोक्यावर एक टोपी ठेवली. क्लबहाउसातून आणलेल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या सगळ्या भरलेल्या. मधोमध एक लाकडी खुर्ची तेवढी मोकळी होती, तिच्यावर जरीची मरून शाल पसरलेली. विश्वजितनं शाल पाहिलीच नाही. त्यानं खुर्ची पाहिली. ती त्याच्या बाबांची खुर्ची होती. काल संध्याकाळी त्यानंच ती शेजाऱ्यांच्या मारुती व्हॅनमध्ये घालून इथे आणली होती, कारण नथूचा फोन आला होता, 'विशू, तुमच्याकडे ती हातांची लाकडी खुर्ची आहे ना, ती दे यार दोन दिवस.' कशाला, हे त्यानं विचारलं नव्हतं. बाबांनी, म्हणजे नायब सुभेदार दीनानाथ भिंगारदिवे यांनी, ती दिल्ली कॅन्टोन्मेंटात बाद फर्निचरच्या लिलावात घेतली होती. पाठीमागे अजून पांढऱ्या रंगातला नंबर होता, आणि डावा हात असा ढिला की टेकलं की करकरायचा. बाहेरून आलं की त्या खुर्चीत पडायचं, ही वीस वर्षांची सवय. त्यात डोक्याचा काही संबंध नव्हता. शरीर आपलं गेलं आणि बसलं. हात करकरला. आणि हॉल गप्प झाला.

आत किचनमध्ये कुकरची एक शिट्टी झाली, तेवढीच. नथूच्या बायकोची, लेआची, मुंबईची मावशी तोंडावर हात ठेवून 'अगो बाई!' म्हणाली. मोहेलसाहेब हातातली पिशवी तशीच धरून दोन पावलं पुढे आले. 'अहो मिस्टर, उठा उठा, तिथं बसायचं नाही.' आणि विश्वजित, ज्याला खरोखर काही कळलेलं नव्हतं, चारचौघांत चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाला, 'पण माझीच खुर्ची आहे ही.'

हे वाक्य त्याला पुढे फार छळणार होतं. त्या घडीला मात्र फक्त कानशिलं गरम झाली. नथूचे वडील, दाऊदअंकल, रेल्वेतून रिटायर झालेले, समोर मांडीवर उशी घेऊन बसले होते. त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. 'तुझीच आहे रे बाळा. पण आत्ता एलियाहू हन्नाबीची आहे. बाळाची सुंता होते तिथे तो येतो, त्याच्यासाठी ठेवतो आम्ही.' विश्वजित उठायला गेला तर शाल त्याच्या जाकिटाच्या बटणात अडकली. 'अरे सावकाश,' अंकल म्हणाले, 'त्याला घाई नाही. इतकी वर्षं दारात उभा आहे, अजून दोन मिनिटं राहील उभा.' कोणीतरी खुदकन हसलं. मग नथूनं संधी सोडली नाही. 'मावशी, नीट बघून घ्या हां. डोक्यावर टोपी आहे, दाढी आठ दिवसांची आहे, धुक्यातून आलाय. हाच असायचा!' 'गप रे मेल्या,' मावशी म्हणाली, पण तीही हसली, आणि हॉल पुन्हा बोलायला लागला. विश्वजित भिंतीला टेकून उभा राहिला. समोरच्याच भिंतीवर एलियाहूचं चित्र होतं, अग्नीच्या रथात बसून वर चाललेला म्हातारा, घोड्यांच्या नाकपुड्यांतून ज्वाळा. हे चित्र त्याला पाठ होतं. दोन महिन्यांपूर्वी ह्याच फ्लॅटच्या गृहप्रवेशाला ह्याच चित्रासमोर नथूच्या घरच्यांनी मलिदा केला होता, गूळ-खोबरं घातलेल्या पोह्यांचं ताट, भोवती फळं, आणि हिब्रू आणि मराठी मिसळून म्हटलेली गाणी. त्यानं तीन वाट्या खाल्ल्या होत्या. एलियाहू, म्हणजे विश्वजितच्या बायबलातला एलिया, कोण हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. तो त्याच्या रविवारच्या भाषणाच्या तक्त्यात होता. सतराव्या ओळीत.

आणि खरी पंचाईत तीच होती. खुर्चीचं काय, हसण्यावारी गेलं. पण आतल्या खोलीत, आलेल्या भेटींच्या ढिगात, आईनं विणलेला पिवळा स्वेटर होता. आई, अरुणा सिस्टर, हॉस्पिटलात ड्यूटी होती म्हणून आली नव्हती, पण रोज दोन ओळी करत तिनं तो संपवला होता. त्या स्वेटरच्या पाकिटात विश्वजितनं त्या तक्त्याचा कागद घडी घालून सरकवला होता, नथूसाठी. तो कागद आता त्याला परत हवा होता. नथूनं तो वाचला तर काय होईल, ह्याचं उत्तर काल रात्रीपर्यंत त्याच्याकडे तयार होतं, आणि ते फार सुंदर होतं. खुर्चीवरून उठता उठता ते उत्तर कुठेतरी पडलं.

ह्याची सुरुवात हरिदासकाकांपासून. दिल्लीतली मराठी ख्रिस्ती मंडळी महिन्यातून एकदा एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये उपासनेला जमायची, नर्सा, फौजी, सरकारी खात्यांतले लोक. अहमदनगर-सोलापूरकडून आलेले, मुलं आपसांत हिंदीत बोलणारी. हरिदासकाका त्यांचे पुढारी, रिटायर्ड सेक्शन ऑफिसर, माणूस प्रेमळ पण बोलायला लागले की समोरचा फाइल होऊन जायचा. ते म्हणाले, 'विश्वजित, तू इतकं वाचतोस, तर नाताळाआधीचा एक रविवार तू घे. संदेष्ट्यांनी जे जे सांगितलं ते ते मसीहात कसं पुरं झालं, त्यावर बोल. आणि तुझा तो यहुदी मित्र आहे ना, त्याला आण पुढच्या रांगेत.' विश्वजितचं शिक्षण तसं अर्धवटच, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात सुटलेलं. कॉम्प्युटर तो आपला आपण शिकला होता आणि शास्त्रही आपलं आपणच, दर्यागंजच्या रविवारच्या बाजारात फुटपाथवरून उचललेल्या, पानं सुटलेल्या टीकाग्रंथांतून. हिब्रू अक्षरंही तशीच गिरवली होती. शिकवायला कोणी नसलं की माणसाला दोन गोष्टी होतात, एक तर त्याला सगळं आपणच शोधून काढल्यासारखं वाटतं, आणि दुसरं म्हणजे चुकलं तर सांगणारं कोणी नसतं. विश्वजितनं महिनाभर बसून तक्ता केला. ऑफिसातलं कामच ते. त्या वर्षी सगळ्या गुडगावला एकच धंदा होता, एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्री तारीख बदलली की जगातले कॉम्प्युटर बंद पडतात की चालतात ते तपासायचं, आणि विश्वजित आणि नथू दिवसभर तेच तपासत बसायचे. चार रकाने. काय व्हायला हवं. काय झालं. निकाल. शेरा. तोच साचा उचलून त्यानं पहिल्या रकान्यात मीखा संदेष्टा घातला, की राजा बेथलेहेमातून येईल. जखऱ्या घातला, की तो गाढवाच्या शिंगरावर बसून येईल. यशया घातला, की एक सेवक असेल जो दुसऱ्यांची दुखणी आपल्या अंगावर घेईल आणि तोंड उघडणार नाही. सतराव्या ओळीत मलाखी, की त्याच्या आधी एलिया परत येईल; समोर, एलियाच्या रूपानं योहान आला, बाप्तिस्मा करणारा; निकाल, पास. चाळीस ओळी, चाळीस पास. आणि सगळ्यात खाली, शेऱ्यात, हरिदासकाकांचं आवडतं वाक्य, भाषणाचा शेवट म्हणून: 'ज्यांना वचनं दिली होती, त्यांनाच ती कळली नाहीत.'

हे वाक्य त्यानं स्वतः टाइप केलं होतं. जाड अक्षरांत. शंभर वेळा वाचलं होतं, आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं, 'त्यांनाच'वर जोर देऊन. पण त्यातले 'ज्यांना' म्हणजे कोणी माणसं आहेत, त्यांना नावं आहेत, त्यांच्यातला एक त्याच्या डब्यातली लसणाची चटणी रोज न विचारता संपवतो, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्याला फक्त एवढंच दिसत होतं, की एक दिवस सकाळी चहाच्या मशीनपाशी नथू येईल, कागद हातात, आणि म्हणेल, 'विशू, चाळीसच्या चाळीस बरोबर आहेत यार.' हे दृश्य त्यानं इतक्या वेळा पाहिलं होतं की त्यातला चहाचा कपसुद्धा ठरलेला होता. समोर बसून बोलायची हिंमत नव्हती म्हणून कागद स्वेटरात. आणि आता भिंतीला टेकून, डोक्यावर उसनी टोपी, तो ते वाक्य दाऊदअंकलच्या चष्म्यातून वाचत होता. ज्यांनी त्याला सावकाश ऊठ म्हटलं, त्यांनाच कळलं नाही. पण माझीच खुर्ची आहे ही. चाळीस ओळींत मी दुसरं काय म्हटलंय, त्याला वाटलं, आणि त्याचं त्यालाच कसंसं झालं.

आतून बाळ आलं. एका बाईच्या हातून दुसरीच्या, मग नथूच्या, पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेलं, तोंड एवढंसं, लालबुंद, जगावर जरा वैतागलेलं. सगळे उभे राहिले आणि काहीतरी म्हणाले, सगळे मिळून, एका दमात. मोहेलसाहेबांनी बाळ घेतलं आणि क्षणभर त्या लाकडी खुर्चीवर, शालीवर, ठेवलं. डावा हात करकरला. विश्वजितच्या अंगावर काटा आला, कारण तो आवाज आणि बाबा ह्या दोन गोष्टी त्याच्या आत वेगळ्या नव्हत्याच. बाबा सुट्टीवर यायचे तेव्हा बूट न काढता आधी तिथे बसायचे. शेवटची सुट्टी सत्त्याऐंशीची. मग लेहला बदली, आणि अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत छातीत पाणी होऊन ते गेले. त्यानंतर खुर्ची तशीच राहिली, रिकामी नव्हे, कारण विश्वजित तीत बसायचा, पण कोणाची तरी. आता तीत एक आठ दिवसांचं ज्यू पोर झोपलं होतं, आणि त्या पोराच्या मागे, ह्या माणसांच्या मते, एक न दिसणारा म्हातारा बसला होता. खुर्चीला काही फरक पडत नव्हता. तिनं तिघांनाही घेतलं होतं. ह्या विचारानं त्याला एकदम बरं वाटलं, का ते कळेना, थंडीत कोणी खांद्यावर काही टाकावं तसं. मग बाळ दाऊदअंकलच्या मांडीवरच्या उशीवर गेलं, मोहेलसाहेब वाकले, नथूनं मान फिरवली आणि विश्वजितचं मनगट असं आवळलं की नखं रुतली. बाळ किंचाळलं. नाव ठेवलं, नहूम. वाइनमध्ये बोट बुडवून त्याच्या ओठांवर टेकवलं तशी किंकाळीची नुसती कुरकुर झाली, आणि बायका आतून गायला लागल्या.

नाश्त्याची धांदल सुरू झाली तेव्हा त्यानं डाव साधला. आतल्या खोलीत लेआ पलंगावर उशांना टेकून बसली होती, बाळ आता तिच्याजवळ. कोपऱ्यातल्या टेबलावर पाकिटं. निळं, गुलाबी, चमचमतं. पिवळ्या स्वेटरचं दिसेना. 'काय हवंय विशूभाऊ?' 'काही नाही. पाणी.' 'बेडरूममध्ये?' 'नाही, म्हणजे, किचनमध्ये गर्दी आहे.' 'बरं,' लेआ म्हणाली, आणि त्याच्याकडे अशी पाहत राहिली की त्याला उशाशी ठेवलेला तिचाच ग्लास उचलून पाणी प्यावं लागलं. 'स्वेटर फार सुंदर आहे हं, आईंना सांगा. नथूनं केव्हाच उघडला. रंग बघत होता.' पाणी श्वासनलिकेत गेलं. खोकत खोकत बाहेर आला तर दारातच अंकल पोह्यांची बशी घेऊन उभे. 'खा. आणि मघाचं मनाला लावून घेऊ नकोस. आमच्या तिकडे, अलिबागेच्या बाजूला, एका खडकावर खूण आहे. लोक सांगतात एलियाहू हन्नाबीचा रथ तिथनं वर गेला, त्याच्या चाकाची. माझी आई नवस फेडायला न्यायची.' विश्वजित थबकला. 'म्हणजे तो येऊन गेला?' 'येऊन गेला तर!' 'मग खुर्ची?' अंकल त्याच्याकडे, मुलानं काही बाळबोध विचारावं तसं पाहत राहिले. 'येऊन गेला म्हणजे परत यायचा नाही, असं कुठंय? तू नाही आलास का, काल येऊन गेलास, आज परत आलास?' आणि ते दुसऱ्याला बशी द्यायला गेले. विश्वजितच्या सतराव्या ओळीत ह्याला रकाना नव्हता. आला, किंवा नाही आला. पास, किंवा फेल. अलिबागला येऊन गेला आणि तरी यायचा आहे, असं तिथे लिहिता येत नव्हतं.

'विशू.' नथू बाल्कनीच्या दारात उभा होता. हातात कागद. 'जरा इकडे ये.'

बाल्कनीतून धुकं वर चढत होतं. खाली सरसोंचं शेत, त्याला लागूनच तीन अर्धवट टॉवर, क्रेनच्या टोकाला एक घार. शेतातून एक नीलगाय आरामात चालली होती, टॉवरांकडे ढुंकूनही न पाहता. नथूनं दार ओढून घेतलं. 'तुझ्या आईनं स्वेटरला खिसा ठेवलाय का ते बघत होतो,' तो म्हणाला, 'तर हे.' त्याचा चेहरा विश्वजितला वाचता येईना. तीन वर्षांत पहिल्यांदा. पहिल्या दिवशी ऑफिसात कॉम्प्युटर अडकला तेव्हा पार्टिशनपलीकडून एक अस्सल 'च्यायला' ऐकू आली होती, आणि विश्वजितनं उभं राहून पाहिलं होतं, तिथून सुरुवात. दिल्लीवाल्यांना दोघेही सारखेच, 'मराठा लोग'. दर सप्टेंबरात कोणी ना कोणी विचारायचं, 'गणपती बिठाया?' आणि दोघे एकमेकांकडे बघून गंभीरपणे माना हलवायचे. आता नथू कागद वाचत होता, मोठ्यानं, ऑफिसच्या आवाजात. 'केस नंबर एक. बेथलेहेम. पास. केस दोन, पास. सतरा, पास. चाळीसच्या चाळीस पास. विशू, असं कुठलं सॉफ्टवेअर बघितलंयस तू?'

'हे सॉफ्टवेअर नाहीये यार.'

'मग आपल्या फॉरमॅटमध्ये कशाला केलंस? आता मी तपासणार. लांडगा आणि कोकरू एकत्र राहतील, तलवारींचे नांगर होतील, ते कुठंय? तेही यशयाच म्हणतो. मे महिन्यापासून कारगिलमधून शवपेट्या येत होत्या, आठवतंय ना?'

'ते... तो दुसऱ्यांदा येईल तेव्हा.'

'म्हणजे पेंडिंग.'

'हो.'

'मग लिही ना पेंडिंग! पेंडिंगच्या केसेस गाळून शंभर टक्के दाखवतोस, मॅनेजर होशील तू.' तो हसला, पण अर्धंच. 'आणि दुसरं. काय व्हायला हवं ते आधी लिहायचं, काय झालं ते नंतर. हा आपला पहिला नियम. तू काय झालं ते आधी बघितलंस आणि मग मागं जाऊन काय व्हायला हवं होतं ते शोधलंस. चाळीस पास होणारच की.'

विश्वजितला हे बरोबर वर्मी लागलं, कारण ते खरं होतं. तो कठड्याला धरून उभा राहिला. कठडा थंडगार. त्याला आठवलं ते काही शास्त्रातलं नव्हतं. 'बाबांची पत्रं आहेत आमच्याकडे,' तो म्हणाला. 'लेहहून आलेली. एका पत्रात आहे, इथे थंडी अंगात शिरते ती निघत नाही. दुसऱ्यात आहे, विशूला म्हणावं खुर्चीत बसत जा. साधी पत्रं. ते गेल्यावर आई ती परत काढून बसली, आणि म्हणायला लागली, बघ, त्यांनी सांगितलं होतं. सगळं सांगितलं होतं. मी चौदा वर्षांचा. मी भांडायचो, की अगं त्यांनी हवामान लिहिलंय, तू शेवट माहीत असल्यामुळे तसं वाचतेयस. ती म्हणायची, शेवट माहीत असल्यावरच पत्र नीट वाचता येतं.' तो थांबला. 'आम्ही तसं वाचतो, नथू. तपासणी नाही ती. तक्ता करायलाच नको होता. पण मला त्या सगळ्यात खरंच तो दिसतो. यशयातल्या त्या सेवकाचं वाचलं की मला एकच चेहरा दिसतो. खोटं नाही बोलत.'

घार क्रेनवरून उडाली. आतून बायकांच्या हसण्याचा आवाज आला, कोणीतरी बाळाच्या नाकावरून वाद घालत होतं, झिराडकरांचं की लेआच्या माहेरचं. 'मला तिथे माझा पणजोबा दिसतो,' नथू म्हणाला. 'आणि त्याच्या आधीचे सगळे. मार खाल्लेले, तोंड न उघडलेले. बाबांनी तसंच शिकवलं. तो सेवक म्हणजे एक माणूस नाही, आपण सगळे.' मग त्यानं कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. 'तुझी आई बरोबर आहे. पण विशू, ती पत्रं तुझ्या आईच्या नावानं आली होती. ही, तुझ्या तक्त्यातली, आमच्या नावानं आलीत.'

'हो.'

'तुम्ही वाचा ना. नको कोण म्हणतंय. वाचा, रडा, त्यात तुम्हाला तुमचा माणूस दिसला तर दिसू दे. मी काय तुझ्याकडून काढून घेणार आहे? पण हे खालचं.' त्यानं बोट ठेवलं. शेवटच्या ओळीवर, जाड अक्षरांवर. 'हे नको यार. आमची पत्रं घरी नेऊन वाचायची आणि वर म्हणायचं ह्यांना वाचता येत नाही. माझ्या बापानं आयुष्यभर दर शनिवारी वाचलंय हे. त्याला कळलं नाही, असं लिहिलंयस तू. माझ्या पोराच्या स्वेटरात.'

ह्या शेवटच्या तीन शब्दांनी विश्वजितचे डोळे भरले. मग त्यानं कागद घेतला आणि खिशातलं पेन काढलं, थंडीनं शाई उतरेना, त्यानं पेन झटकलं, तळहातावर दोन रेघा ओढल्या आणि ते वाक्य खोडलं. एकदा नाही, कागद फाटेपर्यंत. चाळीस ओळी तशाच ठेवल्या. त्या त्याला खऱ्या वाटत होत्या, आजही वाटतात. फक्त निकालाचा रकाना त्यानं उभी रेघ मारून रद्द केला. हलकं वाटत होतं. परीक्षेत पेपर अर्धा कोरा ठेवून बाहेर आल्यावर, आता जे व्हायचं ते होवो म्हणून मोकळं वाटावं, तसं. रविवारी हरिदासकाका विचारतील, शेवट कुठे गेला. विचारू देत.

'अच्छा, तर येतो मी रविवारी,' नथू नाक पुसत म्हणाला, थंडीनं का कशानं. 'पुढच्या रांगेत बसतो. बघू काय बोलतोस. पोहे मिळतात का तुमच्याकडे?'

'केक मिळतो. पण तू नको येऊस.'

'का रे? घाबरलास?'

'तू समोर असलास तर मी ते वाक्य बोलणारच नाही. कोणीही नाही बोलणार. त्यात काय मोठं आहे?' विश्वजितला शब्द जुळवायला वेळ लागत होता, आणि नथू, ज्याला कशाचीच वाट बघायची सवय नव्हती, थांबला होता. 'तू घरी राहा. पोराला मांडीवर घेऊन बस. मी तिथे उभा राहून सांगेन की ज्यांना वचनं दिली ते अजून वाट बघताहेत, आणि आपणही बघतोय. काका काय म्हणतील ते म्हणोत. आणि रविवारीच नाही. जिथे तू नाहीस, अंकल नाहीत, तुमच्यातलं कोणीच नाही, फक्त आमचेच लोक आहेत आणि कोणीतरी हसत हसत म्हणतंय की त्या लोकांना कळलंच नाही, तिथे मी गप्प बसणार नाही, नथू. तू नसताना. हे वचन देतो तुला.'